सवय आपली, व्यसन त्यांचे

दरवर्षी २६ जूनच्या सुमारास महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागते : 'अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त निबंध, वक्तृत्व व भित्तिपत्रक स्पर्धा.' संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठराव करून हा दिवस मुक्रर केला आणि तेव्हापासून देशोदेशी तो पाळला जातो. आपल्याकडेही पाळतात. कवटी आणि तिच्याखाली दोन हाडे काढलेली चित्रे जिन्यात लागतात. निबंधाचा विषय बहुधा 'व्यसनाधीन होत चाललेली तरुण पिढी' हाच असतो. आणि ज्याला पहिले बक्षीस मिळते, तो त्या आनंदात मित्रांना घेऊन फाटकासमोरच्या टपरीवर जातो. गेल्या वर्षी दुसरे बक्षीस मला मिळाले होते. टपरीवर मीही गेलो होतो. तेव्हा हा लेख उपदेश करण्याच्या अधिकाराने लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

'तरुण पिढी व्यसनाच्या आहारी चालली आहे' हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या खिशात त्या वेळी पुष्कळदा तंबाखूची पुडी असते. एकाच गोष्टीसाठी आपण दोन शब्द वापरतो. मोठ्यांची ती 'सवय', तरुणांचे ते 'व्यसन'. काका शनिवारी 'थोडी घेतात'. शेजारचा मुलगा मात्र 'दारुडा' असतो. साहेबांना जेवणानंतर सिगारेट 'लागते'; वसतिगृहातल्या पोराला तिची 'चटक' असते. हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण या दोन शब्दांमधल्या फटीत एक मुलगा कसा सापडला, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच्याकडे वळण्यापूर्वी माझ्या घरातले सांगतो.

माझी आजी मिसरी लावत असे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. तो वास आजही कुठे आला तर मला आजी आठवते. एकादशीला ती पाणीसुद्धा मोजून प्यायची, पण मिसरीला उपवासातून सूट होती. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिला दोन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ठेवले आणि डबी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कुणाला ओळखू येईना. नर्सवर ओरडली, जेवणाचे ताट सरकवले, हातापायांची आग होते म्हणाली. शेवटी वडिलांनी डबी आणून तिच्या उशाखाली ठेवली, आणि दहा मिनिटांत आजी पुन्हा आजी झाली. आम्ही सगळे खूप हसलो. 'म्हातारीचा जीव डबीत आहे' असे कुणीतरी म्हणाले, आणि हा किस्सा पुढे लग्नकार्यांत सांगितला जाऊ लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी हीच लक्षणे मी एका अठरा वर्षांच्या मुलामध्ये पाहिली. त्या वेळी कुणी हसले नाही.

अकरावी-बारावीला मी दुसऱ्या एका गावी शिकायला होतो. त्या गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण जे घडले ते कोणत्याही गावी घडले असते. वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगा होता. त्याच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावही लिही असे तो म्हणाला, मीच लिहीत नाही. अभ्यासात तो बरा होता, पण त्याची खरी विद्या वेगळीच होती : एस.टी.ची वेळापत्रके त्याला तोंडपाठ होती. कोणती गाडी किती वाजता सुटते, कुठे मुक्कामी जाते, हे सारे वसतिगृह त्यालाच विचारायचे.

थंडीत त्याला खोकला झाला आणि डॉक्टरांनी औषधाची बाटली लिहून दिली. शेजारच्या खोलीतल्या कुणीतरी सांगितले, 'चमच्याने काय पितोस, अर्धी बाटली मार, बघ कसं वाटतं.' खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि कोडीन म्हणजे अफूच्याच घराण्यातले द्रव्य. हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. खोकला गेला, बाटली राहिली. अर्ध्याची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. चिठ्ठीशिवाय देणारे दुकान सापडले. तो दुपारपर्यंत झोपू लागला. जागा असला की अंग खाजवायचा आणि चहात चार-चार चमचे साखर घालायचा. उसने पैसे मागू लागला. दहावी पास झाल्यावर वडिलांनी मला घेऊन दिलेले घड्याळ एके दिवशी नाहीसे झाले. कुणी नेले हे मला कळले होते, आणि मी काहीच बोललो नाही.

येथे माझा कबुलीजबाब नोंदवतो. वर्गात त्याच्या नावाला मी 'हजर' म्हणत होतो. त्याच्या घरून फोन आला की 'आंघोळीला गेलाय', 'वाचनालयात बसलाय' असे सांगत होतो. याला मी मैत्री समजत होतो. एकदा ते दुकान लागोपाठ दोन दिवस बंद राहिले. दुसऱ्या रात्री त्याला जांभयांवर जांभया आल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या. आणि पाय इतके दुखत होते की तो ते भिंतीवर आपटत होता. मला वाटले ताप आहे, म्हणून मी त्याला तापाची गोळी दिली. या अवस्थेला व्यसनी मुलांच्या बोलीत 'टर्की' म्हणतात, हे मला फार उशिरा कळले.

पुढे खोल्यांची तपासणी झाली आणि त्याच्या ट्रंकेत रिकाम्या बाटल्या सापडल्या. सायंकाळपर्यंत खोली रिकामी करण्याचा हुकूम झाला. रात्रीच्या गाडीने त्याचे वडील आले. कार्यालयात उभ्याउभ्याच त्यांनी मुलाच्या कानशिलात लगावली. 'आमच्या सात पिढ्यांत कुणी असलं केलं नाही,' म्हणाले. मग व्हरांड्यात आले आणि सवयीने खिशातून पुडी काढून तंबाखूला चुना लावून मळू लागले. हात एवढे कापत होते की निम्मी तंबाखू फरशीवर सांडली. त्यांच्याकडे बघून मला राग आला नाही, आजीच आठवली. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, 'बाळा, तू तर एकाच खोलीत होतास ना रे?'

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ साली 'व्यसन' आणि 'सवय' असे दोन वेगळे कप्पे केले होते, म्हणजे थेट आपल्यासारखेच! पण प्रत्यक्षात कोणता माणूस कोणत्या कप्प्यात घालायचा हे ठरेना. म्हणून १९६४ साली ते दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'अवलंबित्व' हा एकच शब्द स्वीकारावा, असे ठरले. बाहेरून येणाऱ्या द्रव्याची शरीराला आणि मेंदूला इतकी सवय होते की त्याच्या असण्यालाच ते स्वाभाविक स्थिती मानू लागतात. ते काढून घेतले की सारा तोल जातो. द्रव्य तंबाखूचे असो, दारूचे असो वा अफूचे, यातना कमीजास्त होतील, धोकाही कमीजास्त होईल, पण अडकण्याचा मार्ग तोच. जगाने जे कप्पे १९६४ साली मोडले, ते आपण घरात आणि महाविद्यालयात आजही सांभाळून आहोत.

हे सांभाळण्याची किंमत काय? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आहेत, आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांचे पिणे मदतीची गरज लागावी इतके बिघडलेले आहे. हे काही सगळे महाविद्यालयीन विद्यार्थी नव्हेत! चिकटद्रव्ये आणि तत्सम पदार्थ हुंगण्याचा प्रकारच काय तो असा, की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचे प्रमाण जास्त निघाले. बाकी साऱ्या बाबतींत वडील पिढी आपल्या पुढेच आहे. पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते दुसऱ्याच आकड्याने. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळतात. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत. 'थोडी घेतात' या वाक्याआड बसलेले आहेत. लाज ही त्यांच्या आणि दवाखान्याच्या मधली भिंत आहे, आणि ती भिंत आपण बांधलेली आहे.

महाराष्ट्रात ही भिंत पाडायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत 'गर्द' शिरले. गर्द म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉईन. चकचकीत कागदावर ठेवून खालून तापवायचे आणि धूर ओढायचा. त्या मुलांवर आणि त्यांच्या घरांवर अनिल अवचट यांनी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही, तर देणगी दिली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, 'मुक्तांगण' सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अनिल अवचटही गेले. काम मात्र चालू आहे. तिथे माणूस महिन्याभराहून थोडा अधिक काळ राहतो. पण तिथल्या लोकांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली : शरीरातले विष काही दिवसांत उतरते, खरे काम त्यानंतरच सुरू होते. म्हणूनच घरच्यांशी बोलणे, पत्नींचा गट, घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे भेटत राहणे, हाही उपचाराचाच भाग धरला गेला. बरे होऊन माणूस जातो कुठे, यावर सगळे अवलंबून असते.

माझा मित्र कुठे गेला? आधी दोन महिने घरच्यांनी त्याला कोंडून ठेवले. नवस झाले. गळ्यात माळ घातली. माळेने काहींची सुटते, त्याची सुटली नाही. मग एका केंद्रात त्याच्यावर उपचार झाले आणि तो खरोखर बरा होऊन आला. मी त्याला भेटलो तेव्हा गालावर मांस आले होते आणि माझ्या घड्याळाचे पैसे त्याने खिशात वेगळे काढून आणले होते. जूनमध्ये तो बारावीला पुन्हा प्रवेश घ्यायला गेला. खिडकीवर त्याच्याकडे वर्तणुकीचा दाखला मागितला. दाखला द्यायचा होता तो ज्यांनी त्याला काढून टाकले त्यांनीच. 'इतर मुलांचा विचार करावा लागतो' असे उत्तर मिळाले. बोलणे सौम्य होते. दार बंद होते. त्याच आठवड्यात त्याने पुन्हा बाटली घेतली, पूर्वीइतकीच, आणि मरता मरता वाचला. काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सोसण्याची ताकद कमी झालेली असते. जुने प्रमाण एकदम घेतले तर श्वास थांबू शकतो. मेहुण्यांनी वेळेवर सरकारी दवाखान्यात नेले म्हणून तो आज आहे.

आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, म्हणून गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण करून देतो. हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली आणि आपण ते दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून उत्तरपत्रिकेत लिहीत आलो. पण सुधाकर पिऊ लागतो तो कशाने? सनद सहा महिन्यांसाठी रद्द झाल्याच्या अपमानाने. आणि दारू सोडायचा निश्चय करून तो काम मागायला निघतो, तेव्हा प्रतिष्ठितांच्या दारी त्याच्या वाट्याला पुन्हा अपमानच येतो. त्याला ये म्हणणारे एकच ठिकाण उरते, पिणाऱ्यांची बैठक. गडकऱ्यांनी प्याल्याचा दोष जराही कमी केला नाही, पण दार लावून घेणाऱ्यांनाही त्यांनी रंगमंचावर आणले. परीक्षेत आपण तळीरामावर टीप लिहितो. त्या प्रतिष्ठितांवर टीप कधी विचारली गेल्याचे मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, हे सारे भावनेचे बोलणे झाले. शिस्त नको काय? एका आंब्याने अढी नासत नाही काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. जो विकतो त्याला पोलिसांच्याच हवाली केले पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. चोरीला चोरीच म्हटले पाहिजे. माझे घड्याळ गेले ते रोगाने नेले असे मी म्हणणार नाही, आणि माझा मित्रही म्हणत नाही. पहिला घोट त्याने स्वतःच्या हाताने घेतला हेही खरे. पण अढीचा दाखला माणसाला लागू पडत नाही. नासलेला आंबा पुन्हा चांगला होत नाही, माणूस होतो. शिवाय मुलाला काढून टाकल्याने बाकीच्यांचे रक्षण झाले काय? त्या वसतिगृहात नंतर एवढाच बदल झाला, की बाटल्या ट्रंकेत न ठेवता बाहेर फेकल्या जाऊ लागल्या. मदत मागितली तर घालवून देतात, हा धडा मात्र सगळ्यांनी पाठ केला.

आणि येथे कायदासुद्धा आपल्यापेक्षा उदार आहे. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यातल्या ६४-अ कलमानुसार, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात बाळगल्यासाठी आरोप झालेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ज्याला कायदा परतीची वाट ठेवतो, त्याला आपली नियमावली का ठेवू नये?

म्हणून माझ्या काही साध्या मागण्या आहेत. जो विद्यार्थी आपण होऊन 'मला मदत हवी' असे सांगेल, त्याला त्या कारणासाठी काढले जाणार नाही, असे प्राचार्यांच्या सहीने फलकावर लागावे. उपचाराला गेलेल्याची जागा एक वर्ष राखून ठेवावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४४६. तो कवटीच्या चित्राखाली नव्हे, कवटीच्या जागी लिहावा. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या फाटकापासून टपरी चाळीस पावलांवर आहे, मी मोजली आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी पुड्या मैदानाच्या कडेला रोज सापडतात. हे बदलायला अनुदान लागत नाही.

गुरुजनहो, शेवटची मागणी आपल्याकडे आहे, आणि ती मी नम्रपणेच करतो. व्याख्यानात आपण आम्हांला आमच्या व्यसनांविषयी सांगता, ते जरूर सांगा. पण एखाद्या वेळी आपल्या स्वतःच्या सवयीविषयीही सांगा. ती कशी लागली, सोडायचा प्रयत्न केला होता काय, किती दिवस टिकला. आमच्यातल्या ज्याला स्वतःची भीती वाटू लागली आहे, तो कवटीच्या चित्राकडे जाणार नाही, आपल्याकडे येईल.

आणि मित्रांनो, आपल्यापुरते सांगायचे तर, हजेरी देणे ही मैत्री नव्हे. मी ती चूक केली आहे, ती तुम्ही पुन्हा करू नका. पहिल्या महिन्यातच कुणा मोठ्याला गाठून सांगितले असते, तर माझा मित्र मला काही दिवस चुगलखोर म्हणाला असता. तेवढे सोसायला हवे होते.

दुसऱ्यांदा उपचार घेऊन आल्यापासून तो एस.टी. स्टँडजवळ मेहुण्यांच्या पंक्चरच्या दुकानात काम करतो. येणारेजाणारे अजून त्याला गाड्यांच्या वेळा विचारतात. या वर्षी त्याने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला आहे. तिथे वर्तणुकीचा दाखला मागितला नाही म्हणे. लेखाची परवानगी घ्यायला फोन केला तेव्हा मी विचारले, 'किती दिवस झाले रे आता?' तो म्हणाला, 'पहिल्यांदा दिवस मोजत होतो, त्यात फसलो. आता फक्त आजचा धरतो. आज घेतली नाही, एवढं लिही.'

तेवढे लिहिले आहे. त्याच्या वडिलांनी व्हरांड्यात विचारलेला प्रश्न मात्र अजून माझ्यापाशीच आहे. आपण सगळेच एका खोलीत आहोत, आणि तो प्रश्न आपल्या प्रत्येकाला केव्हातरी विचारला जाणार आहे.

— तृतीय वर्ष, कला